रविवारची पेटी

सुतार बुटाची नाडी बांधत होता, तेवढ्यात जावई दारात येऊन उभा राहिला. लग्नानंतरच्या तीन वर्षांत या उंबऱ्यावर त्याचं पाऊल पहिल्यांदाच पडत होतं.

“मूल गेलं,” तो म्हणाला. “पहाटे. दोन तासच होतं. एक पेटी हवी होती. लहानशी.”

“आज रविवार,” सुताराच्या तोंडून निघून गेलं.

“माहितेय. ती जाऊ नको म्हणत होती.”

सुतार चर्चच्या पंचांपैकी एक, नियमांचा पक्का. प्रभूच्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही म्हणजे नाही. याच्या घरचं घड्याळसुद्धा रविवारी बंद असतं, अशी मंडळीतले लोक थट्टा करत. पोरीनं धर्माबाहेर लग्न केलं, तेव्हा मंडळीतून तिचं नाव कमी केल्याचा कागद यानंच उपासनेत वाचला होता. आवाज जरासुद्धा कापला नव्हता.

चर्चची घंटा वाजू लागली. सुतारानं नाडी सोडली, बूट भिंतीशी ठेवले.

“केवढी?”

जावयानं दोन्ही हात पुढे धरून अंतर दाखवलं. मग ते हात तसेच राहिले. त्याला ते खाली घेता येईनात.

रंध्याचा आवाज रस्त्यापर्यंत जात होता. उपासनेला निघालेले चर्चचे पाळक कारखान्याच्या दारात थबकले. सुतारानं काय झालं ते सांगितलं.

“वाईट झालं,” पाळक म्हणाले. “पण बाप्तिस्मा नव्हता ना? मग दफनभूमीच्या भिंतीच्या आत जागा देता येणार नाही. नियम तुम्हीच घालून दिलाय.”

“हो. चुकलंच माझं. संध्याकाळी आतच खणतो. तुम्ही नाही आलात तरी चालेल.”

पाळक पुढे गेले. सुतारानं पुन्हा रंधा धरला. ज्याच्या धाकानं त्यानं जन्मभर हा दिवस पाळला, तो प्रभूही सुतारच होता. हे त्याला लहानपणापासून तोंडपाठ होतं. आज हाताला कळलं. धाक कुठे गेला हे शोधायलाही तो थांबला नाही. पेटीची आतली बाजू त्यानं बोट फिरवून फिरवून गुळगुळीत केली.

मुलीच्या घरी खोलीत पडदे ओढलेले होते. गुंडाळलेलं बाळ तिच्या मांडीवर होतं. तिनं पेटीकडे पाहिलं, बापाकडे नाही.

“आज केलीत?”

“आज केली.”

“तुमच्या देवाला चालतं?”

तो खाली, फरशीवर बसला. गुडघे कडाडले.

“माझंच चालत नव्हतं, बाळा. त्याचं नाव पुढे करत होतो.”

ती ढिम्म हलली नाही. दाराशी जावई पाठ फिरवून उभा होता.

मंडळीच्या रिवाजात बाप्तिस्म्यावाचून नाव नसतं. सुतारानं मुलीच्या मांडीकडे पाहिलं.

“नाव काय ठेवलंस?”

तिनं मान वर केली. मग इतक्या हळू, की त्याला पुढे वाकावं लागलं, तिनं ते सांगितलं.