बांगड्याचा पहिला घास

जपानातल्या कोकुऱ्याच्या बाजारामागे बाबांचं सुशीचं दुकान आहे. तिथं उभ्यानंच खायचं, खुर्ची एकही नाही. फळीला सात माणसं टेकली की आठव्यानं बाहेर थांबायचं. फळीच्या डाव्या टोकाला, भाताच्या लाकडी बादलीशेजारी, आईची जागा होती. तिला जाऊन एकेचाळीस दिवस झाले होते.

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात ती मला म्हणाली होती, "दुपारी माझ्या जागी उभी राहत जा. बांगड्याचा पहिला घास तू खा." तिला दुकानाची आठवण येत असेल, एवढंच मला वाटलं.

त्या दुपारी चार गिऱ्हाइकं होती. माझ्या शेजारी कुसुनोकीकाका, रेल्वेतून निवृत्त झालेले, गेल्या वर्षी हृदयाचं ऑपरेशन झालेले.

"मालक, आता बांगडा होऊ द्या," माझ्याकडे बोट दाखवत ते म्हणाले. " आधी वाकानाला द्या, नाहीतर हिची आई वरून डोळे वटारेल."

"ती इथूनच वटारायची," बाबा म्हणाले.

"वटारायची काय, माझ्या पुढ्यातला घास उचलून खायची. दोनदा. एवढी खादाड बाई मी पाहिली नाही."

सगळे हसले. मीही हसले. आई असं करायची तेव्हा मला मान वर करवत नसे.

बाबांनी मीठ-व्हिनेगरात मुरवलेल्या बांगड्याचा घास माझ्यापुढे ठेवला. मी तो तोंडात टाकला. आधी आंबट लागलं, मग भात. मग खालून एक कुबट वास नाकात चढला आणि जिभेचं टोक मिरी चावल्यासारखं चुणचुणलं.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा शांत होता. बाजारात लांबूनच वास घेऊन टोपली परत पाठवणारा हा माणूस. आणि मला मागचा आठवडा आठवला. आईच्या फोटोपुढची उदबत्ती पडून खालचं आसन धुमसत होतं, खोलीभर जळका वास, आणि बाबा शेजारीच पेपर वाचत बसले होते. मी ते दुःखाच्या खाती टाकलं होतं.

बाबांना वास येत नव्हता. आईला ते माहीत होतं.

काकांपुढे दोन घास येऊन पडले. त्यांनी आल्याची चकती तोंडात टाकली, बोटं पुसली. मी ओरडले असते तर बाबांना पुन्हा कधी सुरी धरता आली नसती. गप्प राहिले असते तर? काकांचा हात निघाला.

मी दोन्ही घास उचलले आणि तोंडात कोंबले.

"बघा," काका म्हणाले, "आईवर गेलीस की गं. अगदी सहीसही."

पुन्हा हशा. माझे गाल फुगलेले, जीभ बधिर. तोंडावर रुमाल धरून मी मागच्या मोरीत गेले आणि सगळं थुंकले. 

परत आले तेव्हा बाबा बांगड्याचा उरलेला तुकडा नाकाशी धरून उभे होते. त्यांनी एकदा श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग माझ्याकडे पाहिलं, परीक्षेत उत्तर न येणाऱ्या मुलानं पाहावं तसं.

"बांगडा संपला," ते म्हणाले आणि भिंतीवरची बांगड्याच्या नावाची लाकडी पाटी काढून ठेवली.

"अहो, समोर दिसतोय की," काका म्हणाले.

"तो घरच्यांसाठी. तुम्हाला पापलेट देतो."

त्यांनी पापलेट कापलं. पहिला घास वळला आणि माझ्यापुढे सरकवला.

मी दोनदा गरम चहानं तोंड खळखळलं. तरी जिभेच्या टोकावर मघाची चुणचुण होतीच. घास खाल्ला. चांगला वाटला. वाटला, एवढंच म्हणता येईल. चौघे वाट पाहत होते आणि बाबांची सुरी हवेत थांबली होती.

मी मान हलवली.

सुरी खाली आली. कुसुनोकीकाका मिटल्या डोळ्यांनी सावकाश चावत होते. त्यांचा गळा हलेपर्यंत मी त्यांच्यावरून नजर काढली नाही, आणि हलल्यावरही नाही.