उत्तरपूजेच्या आधी

पावण्याच्या एमआयडीसीतल्या त्या लग्नपत्रिकांच्या गाळ्यात क्षिप्राला भीती वाटत नव्हती अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे कॉम्प्युटर. बाकी कटिंग मशीनच्या पात्याला ती भ्यायची, शेजारच्या केमिकल कंपनीच्या वासाला भ्यायची, आणि सासूबाईंना तर लग्नाला वर्ष उलटलं तरी भ्यायची. वैजयंतीबाई कधी ओरडायच्या नाहीत, हीच तर पंचाईत होती. ओरडणाऱ्या माणसाचा अंदाज तरी येतो. या गप्प व्हायच्या, चष्मा काढून पुसत बसायच्या, आणि आपलं काय चुकलं ते समोरच्यानं आपलं आपण शोधायचं.

नेरूळच्या एका इव्हेंटवाल्यांकडून मोठं काम येऊ घातलं होतं. त्यांच्या फायली फक्त मॅकवर उघडायच्या. नवा मॅक घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून क्षिप्रानंच छाती पुढे काढून सांगितलं होतं, "आई, आपल्या जुन्या पीसीवर मॅकओएस चढवता येतं. कंपनीला ते मंजूर नसतं, पण लोक करतात. मी कॉलेजात केलंय." केलं होतं ते खरं म्हणजे तिच्या मैत्रिणीनं. ही शेजारी बसून वेफर्स खात बघत होती. पण एवढ्या बारीकसारीक गोष्टी कोण सांगत बसतं?

तो पीसी नानांचा होता. नाना म्हणजे तिचे सासरे, नंदकिशोर. त्यांनी आयुष्यात कधी तयार फॉन्ट वापरला नाही. प्रत्येक जोडप्याची नावं ते बोरूनं कागदावर काढायचे, स्कॅन करायचे आणि मग छापायचे. गाळ्यात एकदा पाणी शिरलं तेव्हा कागद सगळे लगदा होऊन गेले. राहिलं ते त्या पीसीच्या डिस्कवर. पार्थ आणि क्षिप्राचा साखरपुडा झाला त्याच आठवड्यात त्यांनी दोघांची नावं काढून ठेवली होती, आणि लग्नाची तारीख निघायच्या आत ते गेले. आपल्या नावातला क्ष इतका देखणा असू शकतो हे क्षिप्राला त्या पत्रिकेवर पहिल्यांदा कळलं होतं. त्या डिस्कला त्यांनी नाव दिलं होतं 'नाना'.

खंडेनवमीला तिनं पार्थनं मागवलेली नवीन डिस्क गाळ्यात आणली. आधी जुनीची कॉपी काढायची, तिची वायर काढून ठेवायची आणि मग पुढचं, असा बेत तिनं सासूबाईंना सांगितला होता. पण वैजयंतीबाई पूजेची थाळी घेऊन उभ्या होत्या.

"नवी डिस्क आत बसव आत्ताच, तिलाही हळदकुंकू लागू दे."

"आई, कॉपी राहिलीय."

"उद्या कर. आज यंत्रांना विश्रांती."

क्षिप्रानं नवी डिस्क आत बसवून झाकण लावलं. कटिंग मशीनला माळ घातली, पत्रिकांना घडी पाडणाऱ्या क्रीझिंग मशीनला घातली, पीसीच्या कॅबिनेटला तर झेंडूच्या माळेचे दोन वेढे दिले. वर सुपारी ठेवली. घरी निघताना वैजयंतीबाईंनी बजावलं, "सकाळी लवकर येऊन बटण दाबायला हरकत नाही. पण उत्तरपूजा होईपर्यंत पानफूल जागचं हलता कामा नये. मी सोनं घेऊन येते. दसऱ्याची पहिली पत्रिका त्या मॅकवर लागली पाहिजे."

दसऱ्याला सकाळी क्षिप्रा कोपरखैरण्याहून रिक्षानं एकटीच आली. मशीनवाला धनाजी गाळ्याच्या दाराला तोरण बांधत होता. ती स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन कॅबिनेटसमोर बसली आणि तिथंच अडली. मॅक चढवायच्या आधी बाकीच्या डिस्कच्या वायरी काढून ठेवा, हे प्रत्येक व्हिडिओत पहिल्याच मिनिटाला सांगतात. वायर काढायची तर झाकण काढायला हवं, आणि झाकणावर माळेचे वेढे होते. एक फोन करायचा होता, 'आई, माळ जरा सरकवू का?' एवढंच. तिनं फोन उचललासुद्धा. मग सासूबाई चष्मा पुसताहेत असं डोळ्यांसमोर आलं, आणि तिनं फोन पालथा ठेवला.

आपल्याला कळतं की कुठली डिस्क कुठली, असं तिनं स्वतःला सांगितलं. कॉपीचं काय? मॅक नव्या डिस्कवर चढणार, जुनीला कोण हात लावतंय? कॉपी दुपारी निवांत काढू.

पेन ड्राइव्ह लावला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर पळाली, दोनदा सगळं अडकलं, दोनदा पुन्हा सुरू केलं. तिसऱ्यांदा सफरचंद उगवलं तेव्हा ती एकटीच हसली. डिस्कची यादी आली. दोन्ही एकाच कंपनीच्या, दोन्ही एकाच मापाच्या. पार्थनं ऑनलाइन मागवताना जुनीसारखीच बघून मागवली होती. एरवी दिसणारं 'नाना' हे नाव इथं नव्हतं, दोन्हींच्या नावांच्या जागी लांबलचक आकडे. वरची नवी, ती म्हणाली. तिकडे घड्याळ पळत होतं, सासूबाई निघाल्याचा मेसेज येऊन पडला होता. तिनं वरची निवडली, 'इरेज' दाबलं. निळी पट्टी सरसर भरली आणि काम फत्ते झालं.

सहज म्हणून तिनं खालची उघडून बघितली. ती रिकामी होती. अगदी कोरी, आजवर कुणी हात न लावलेली.

 तिनं यादी वर केली, खाली केली. 'नाना' कुठेच नव्हतं. दोन ओळींत ते असणार तरी कुठे, पण ती शोधत राहिली.  मग कुठंतरी वाचलेलं आठवलं, पुसलेल्या डिस्कवर नवीन काही लिहू नये. तिनं वाकून भिंतीतला प्लगच उपटला. पडदा काळा झाला, त्यात तिचा चेहरा आणि मागं झेंडूची माळ दिसायला लागली.

"वैनी, काय झालं वं? लाईट गेली का?" धनाजीनं दारातून विचारलं.

"नाही. काही नाही."

"त्वांड पांढरंफट पडलंय तुमचं. च्या आनू का?"

तिनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. मागच्या बाजूला जाऊन तिनं पार्थला फोन लावला. तो आधी गप्प झाला. आईचाच मुलगा.

"ऐक," तो शेवटी म्हणाला, "जुनी डिस्क होती. सांग की सुरू केली आणि आपोआप गेली. डिस्का जातात यार. तिला काय कळणारे?"

"खोटं सांगू?"

"खरं सांगून ती जगेल का ते बघ. दोन वर्षं तिनं बाबांचा चष्मासुद्धा टेबलावरून हलवू दिला नाहीये."

क्षिप्रानं फोन ठेवला. ती मनातल्या मनात वाक्य घोकू लागली: सुरू केली आणि आपोआप गेली. सुरू केली आणि आपोआप गेली. शाळेत कवितासुद्धा तिनं एवढी घोकली नव्हती.

वैजयंतीबाई आल्या त्या नवी साडी नेसून. धनाजीच्या हातावर त्यांनी आपट्याची पानं ठेवली, मग क्षिप्राच्या. "सोनं घे, सोन्यासारखी राहा," त्या म्हणाल्या आणि पर्समधून घडी घातलेली चिठ्ठी काढली. "पहिल्या पत्रिकेची नावं. नानांच्या अक्षरांतून जुळवून लाव. तुझा हात त्यांच्यासारखा आहे, मी बघितलंय."

हे त्या आजवर कधी बोलल्या नव्हत्या, आणि बोलायला त्यांनी नेमका आजचाच दिवस निवडला होता. घोकलेलं वाक्य क्षिप्रानं सोडून दिलं.

"आई, नानांची डिस्क माझ्याकडून पुसली गेली. नवी समजून मी ती पुसली. सगळं गेलं."

 वैजयंतीबाईंनी चष्मा काढला. पदराचं टोक हातात घेतलं, पण पुसलं नाही. बाहेर कुणाच्या तरी टेम्पोची पूजा चालली होती, नारळ फुटल्याचा आवाज आला. क्षिप्राला वाटलं, यापेक्षा यांनी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"तूच सांगितलं होतंस ना," त्या म्हणाल्या, "की जुनीची वायर काढून ठेवते म्हणून?"

"हो."

"मग काढली का नाहीस?"

"तुम्ही म्हणालात, फूल हलवायचं नाही."

"एक फोन करायचास."

"उचलला होता." क्षिप्राला आता रडू आवरेना. "भीती वाटली."

"कशाची? देवाची?"

क्षिप्रा हातातली आपट्याची पानं चाळवत राहिली. 

"माझी," वैजयंतीबाई म्हणाल्या. त्यांनी ते विचारलं नव्हतं.

त्या वळल्या. कॅबिनेटजवळ जाऊन त्यांनी सुपारी उचलली, हळदकुंकवाला बोट लावून कपाळाला लावलं आणि माळेचे वेढे स्वतःच्या हातानं सोडवले. मंत्र नाही, अक्षता नाहीत. तेवढीच काय ती उत्तरपूजा. 

"उघड," त्या म्हणाल्या.

वाशीत डिस्कमधला डेटा काढून देणारा एक जण होता. सणामुळे दुकान बंद होतं, पण त्यानं फोन उचलला. पुसल्यावर वर काही लिहिलं नाही ना, त्यानं विचारलं. नाही म्हटल्यावर तो म्हणाला, मग बरंचसं निघेल, सगळं निघेल असं सांगत नाही. घरी आणून द्या, वाटेत धक्का लागू देऊ नका.

रिक्षात वैजयंतीबाईंनी डिस्क पदरात गुंडाळून मांडीवर धरली होती. प्रत्येक खड्ड्याला त्या ती दोन्ही हातांनी उचलून धरायच्या. क्षिप्राचा जीव अजून थाऱ्यावर नव्हता. निघालं नाही तर? सगळ्यांचं निघालं आणि तो क्ष तेवढा नाही निघाला तर?

"दोन वर्षांत मी हे एकदाही उघडून बघितलं नाही," सासूबाई रस्त्याकडे बघत म्हणाल्या. "त्यांचं अक्षर दिसेल म्हणून. मलाही भीतीच वाटायची."

 तुर्भ्याच्या पुलाखाली खड्डा आला, आणि क्षिप्रानंही हात पुढे करून खालून डिस्क धरली.

"पुढच्या वेळी फोन कर," वैजयंतीबाई म्हणाल्या. "मी गप्प झाले तर परत कर."