खांबाशेजारची जागा

सलूनमध्ये बसलं की गावभरच्या बातम्या आपोआप कळतात. अण्णांच्या सलूनमध्ये मात्र गेलं वर्षभर एकच बातमी चालली होती, ती म्हणजे अण्णांची चिमणी.

"आमची चिमणी त्या मोठ्या विद्यापीठात आहे," असं अण्णा गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधता बांधता सुरू करायचे. मानेवर वस्तरा फिरत असताना माणूस काय बोलणार? नको म्हणायला मान हलवायचीही सोय नाही. त्यामुळे सगळ्या गावाला पाठ झालं होतं की विद्यापीठाच्या आत फिरायला बस आहे, एकेका वर्गात आख्खी शाळा मावेल, आणि एवढ्या मोठ्या ठिकाणी अण्णांच्या लेकीला पहिल्या झटक्यात जागा मिळाली. अण्णांना गगन ठेंगणं झालं होतं. एकुलती एक मुलगी, बारीक आवाजाची म्हणून लहानपणापासून चिमणी, आणि बाप दोन खुर्च्यांच्या सलूनचा मालक. थोडं मिरवलं तर बिघडलं कुठे?

चिमणी दर रविवारी फोन करायची. सर मला नावाने हाक मारून प्रश्न विचारतात, म्हणायची. मधल्या रांगेत खांबाशेजारी माझी जागा आहे, उजव्या हाताला एक चष्मेवाली बसते, आम्ही डबा वाटून खातो, वर्गात हसतो म्हणून कधीकधी बोलणी खातो. अण्णा हे सगळं ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी तिखटमीठ लावून गिऱ्हाइकांना वाढायचे. चष्मेवाली तर गावात इतकी ओळखीची झाली होती की वखारवाले काका खुर्चीत बसल्याबसल्या विचारायचे, "काय अण्णा, आपली चष्मेवाली बरी आहे ना?"

आणि एक दिवस चिमणीच्या घरमालकिणीचा फोन आला. पोरीला कांजिण्या आल्यात, अंगात ताप आहे, कुणीतरी या.

चिमणीच्या आईचे गुडघे प्रवासाला तयार नव्हते. अण्णांना कांजिण्या लहानपणीच होऊन गेल्या होत्या. त्यांनी दुकानाला कुलूप लावलं. निघताना बायकोने हातात एक स्टीलचा डबा दिला, घरी केलेल्या खाऊने गच्च भरलेला.

"हा चिमणीला नाही हं. तिला आत्ता पथ्य असेल. हा त्या चष्मेवालीला द्या. परक्या गावात आपल्या पोरीला जीव लावते, तिचं तोंड गोड नको करायला?"

चिमणी खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर फोड आले होते. बापाला बघून तिचे डोळे भरून आले. अण्णांनी तिला पेज भरवली, औषध दिलं, उशी बदलली. मग सहज विचारलं, "चष्मेवाली येऊन गेली का गं?"

"तिला लागण व्हायची. मीच नको म्हटलं."

"आणि सर? त्यांना कळवलंस?"

"कळलं असेल त्यांना," चिमणी म्हणाली आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

अण्णांना हे जरा खटकलं. त्यांच्या धंद्याचा एक नियम होता. नेहमीचं गिऱ्हाईक ठरल्या वेळी आलं नाही, तर दुकान बंद केल्यावर त्याच्या दारावरून जायचं आणि बरं आहे ना, एवढं विचारून यायचं. कुणी आजारी निघायचं, कुणी रुसलेलं, कुणी दुसऱ्या सलूनमध्ये केस कापून आल्यामुळे दाराआड लपलेलं. पण विचारायचं. इथे पोर इतके दिवस वर्गात नाही आणि कुणाची चौकशीसुद्धा नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी औषधाने चिमणीला झोप लागली. अण्णांनी घरमालकिणीला सांगितलं, डबा पिशवीत टाकला आणि विद्यापीठाचा रस्ता धरला. सरांना निरोप द्यायचा, मैत्रिणीला डबा द्यायचा, दोन तासांत परत. वाटेत त्यांनी सरांशी बोलायची वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली.

फाटकावर कुणी अडवलंच तर काय सांगायचं, याची त्यांना धास्ती होती. कुणीही अडवलं नाही. मुलांचा लोंढा आत चालला होता, त्यात अण्णाही गेले. पिकलेल्या मिशा, हातात पिशवी, पायात चपला. पण रखवालदाराने वर बघितलं नाही. विचारत विचारत ते वर्गापर्यंत पोहोचले. वर्ग कसला, उतरतं पटांगणच ते. मागे बसणाऱ्यांना सर दिसावेत म्हणून भिंतींवर पडदे लावलेले. दारातच एका मुलाने त्यांना सांगितलं, "काका, मागचा स्पीकर कालपासून वाजत नाहीये, बघा ना जरा." अण्णांनी स्पीकरकडे बघितलं, मान डोलावली आणि पुढे गेले. काय करणार?

वरून त्यांना सगळ्यांची फक्त डोकी दिसत होती. अण्णांचा सगळा जन्म डोक्यांच्या मागच्या बाजू बघण्यात गेलेला. गावात पाठमोरं माणूस दिसलं तरी ते नावाने हाक मारायचे. इथे शेकडो डोकी होती आणि ओळखीचं एक नव्हतं. कसंतरीच वाटलं त्यांना. मग खांब दिसला, आणि खांबापासून एक खुर्ची सोडून, उजव्या बाजूला, खरोखरच एक चष्मेवाली मुलगी! अण्णांचा जीव भांड्यात पडला. लगबगीने ते तिच्याजवळ गेले.

"इथे बसू का बाळा?"

"बसा ना काका. इथे कुणी बसत नाही."

अण्णा बसले. पिशवीतला डबा अर्धा बाहेर आला होता, तो तसाच राहिला.

"इथे एक मुलगी बसते ना? बारीक चणीची. डाव्या गालावर तीळ आहे."

चष्मेवालीने खरंच आठवून बघितलं. मुलगी वाईट नव्हती. "नाही आठवत हो काका. ही बहुतेक रिकामीच असते. मी कधीकधी बॅग ठेवते हिच्यावर."

अण्णांनी डबा पुन्हा पिशवीत ढकलला. तेवढ्यात पुढे सर आले आणि पडद्यावर त्यांचं भलंमोठं तोंड उमटलं. ते बोलत होते, मुलं लिहून घेत होती. सरांनी कुणाला प्रश्न विचारला नाही आणि कुणाचं नाव घेतलं नाही. नावं घ्यायची तर तास हजेरीतच संपला असता. अण्णा पडद्याकडे बघत राहिले, पण डोळ्यांपुढे वेगळंच होतं. दर रविवारी खोलीत एकटी बसून, आपल्या बापाला काय आवडेल याचा विचार करून एकेक गोष्ट रचणारी चिमणी त्यांना दिसत होती.

बऱ्याच वेळाने त्यांचं शेजारी लक्ष गेलं. चष्मेवाली पेंगत होती, ओठ सुकले होते. अण्णांमधला बाप गप्प बसेना.

"सकाळी काही खाल्लंस का?" त्यांनी हळूच विचारलं.

ती दचकली, मग हसली. "काका, इथे आल्यापासून हे मला पहिल्यांदा कुणी विचारलंय."

अण्णांनी डबा काढून तिच्या मांडीवर ठेवला. खांबाच्या आडोशाने ती खाऊ लागली. अर्धा डबा संपल्यावर तिला सुचलं, "पण हा आणला होतात कुणासाठी?"

"माझी मुलगी या जागेवर बसते," अण्णा म्हणाले. "तिला कांजिण्या झाल्यात. तिच्या शेजारणीसाठी तिच्या आईने पाठवला."

चष्मेवालीचा घास तोंडातच राहिला. तिने खुर्चीकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं. "या जागेवर? कधीपासून?"

"वर्ष झालं."

तिने डब्याचं झाकण लावलं. मग विचारलं, "नाव काय तिचं?" अण्णांनी सांगितलं, शाळेतलं खरं नाव.

"आणि हा डबा?"

"राहू दे. ती आली की तिला दे."

तास संपल्यावर अण्णा सरांकडे गेले. सरांभोवती मुलांचं मोहोळ होतं. पाळी आल्यावर अण्णांनी मुलीचं नाव सांगितलं. सर म्हणाले, "क्रमांक काय?"

"क्रमांक नाही माहीत. नाव सांगतो ना."

"नावाने कसं कळणार हो? आठशे मुलं आहेत," सर म्हणाले. रागावून नाही, थकून. सरांच्या मानेवरचे केस एका बाजूला लांब राहिले होते. कुणी सांगितलंच नसणार त्यांना. "लवकर बरी हो म्हणावं तिला," ते म्हणाले. जुळवून आणलेल्या वाक्यांतलं एकही अण्णांना आठवलं नाही.

परत येताना ते सावकाश चालले. चिमणीवर रागवावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. राग आला तो स्वतःचा. आपणच या पोरीला हरभऱ्याच्या झाडावर चढवून बसवलं. आता तिने खाली उतरायचं कुठल्या तोंडाने?

चिमणी जागी झाली होती. अण्णा कुठे गेलेत ते घरमालकिणीने सांगितलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं.

"डबा दिलात?"

"दिला."

"कुणाला?"

"चष्मेवालीला. आवडला तिला."

  अण्णांनी पिशवीतून कंगवा काढला, भिंतीवरचा आरसा उलटा करून ठेवला आणि म्हणाले, "उठून बस. केसांचं पार घरटं झालंय. आणि डाग बघत बसू नकोस, जातात ते."

ते तिच्यामागे बसून गुंता सोडवू लागले. इतक्या वर्षांच्या धंद्यात त्यांना एक कळलं होतं. माणसाच्या समोर उभं राहून विचारलं तर ते सतरा सबबी सांगतं. मागे उभं राहावं, हात चालू ठेवावा आणि गप्प बसावं. मनातलं आपणहून बाहेर येतं.

निम्मा गुंता सुटला तेव्हा चिमणी म्हणाली, "बाबा, ती माझ्याशी कधीच बोललेली नाही. मीही नाही बोलले. तिची बॅग ठेवलेली असली की मी मागे जाऊन बसते."

"हं."

"सरही मला ओळखत नाहीत. तिथे कुणीच ओळखत नाही. मी दिवसभर तोंड उघडत नाही, बाबा. रविवारी तुमच्याशी बोलायला लागले की आधी घसा खाकरावा लागतो."

कंगवा थांबला. अण्णांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ती पाठमोरी होती म्हणून बरं. "मला का नाही सांगितलंस बाळा?"

"तुम्ही सगळ्या गावाला सांगितलं होतंत."

 अण्णांनी वेणी घालायला घेतली. सलूनमध्ये वेण्या कोण घालतं? वेणी वाकडी झाली. "चुकलं माझं," ते म्हणाले. "तुला घरी यायचं असेल तर ये. आपल्या इथलं कॉलेज लहान आहे, पण आहे ना. गावाचं मी बघतो. फक्त मला खरं सांगत जा, चिमणे. कंटाळवाणं असलं तरी चालेल."

परीक्षा देऊन मग ठरवू, असं दोघांचं ठरलं. खपल्या धरल्या, ताप उतरला आणि अण्णा गावी परतले.

दुकान उघडल्या दिवशी वखारवाले काका खुर्चीत बसले. "काय अण्णा, आपली चष्मेवाली काय म्हणते?"

अण्णांनी कापडाची गाठ बांधली. "तशी कुणी मैत्रीण नव्हती, काका. पोर तिथे एकटी पडली होती. आणि माझ्या बढायांमुळे तिला ते बोलता येईना."

 बाकावरच्यांनी पेपर खाली ठेवले. काका आरशातून म्हणाले, "मग घेऊन या तिला परत. आम्ही काय मेलोय का?"

पुढच्या रविवारी चिमणीचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा हळू होता.

"बाबा, आज वर्गातलं काही नाही, सुट्टी आहे. पण परवा बरी होऊन पहिल्यांदा गेले ना, तर माझ्या जागेवर आपला डबा ठेवलेला. एक मुलगा बसायला आला, तर चष्मेवाली त्याला म्हणाली, इथे नको बसूस, इथे एक मुलगी बसते. मी मागेच उभी होते."

 ऐकायला फार गोड होतं, आणि गोड गोष्टी अण्णांनी वर्षभर ऐकल्या होत्या. खरं सांगत जा म्हणून आपणच सांगून आलो; आता हे खरं का, असं विचारायचं तरी कसं?

तिकडे फोन हातातून ओढल्याचा आवाज आला.

"काका, तुमच्या डब्याचं झाकण माझ्याकडून चेपलंय," दुसराच कुणाचा तरी आवाज म्हणाला. "आणि तुम्ही तिची वेणी फार वाईट घातली होतीत, असं म्हणते ही."