लेझर करून होणाऱ्या सासुरवाडीला

मुरुमं फोडू नकोस, असं आई घसा फोडून सांगायची. मी कसला ऐकतोय. तिशी उलटली तेव्हा माझे गाल म्हणजे गारा पडून गेलेलं अंगण होतं. माझ्या मैत्रिणीला, मिरानला, त्याचं काही नव्हतं. पण तिच्या वडिलांनी मला एकदाच, गर्दीत पाहिलेलं. जूनमध्ये त्यांनी मला नाजूला, म्हणजे त्यांच्या गावी, नासपतीच्या बागेत बोलावलं. लग्नाला होकार की नकार, ते तिथंच कळणार होतं.

मग मी अक्कल पाजळली. सोलमध्ये गंगनमला, चेहरे दुरुस्त करणाऱ्या दवाखान्यांच्या पेठेत जाऊन दोन्ही गालांवर लेझर मारून आलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थंडीत का नाही आलात? आता आठवडाभर ऊन नको, घाम नको." मी म्हटलं, सासऱ्यांकडे जेवायला कसलं आलंय ऊन?

जूनमध्ये नाजूत नासपतीच्या एकेका फळाला ऊन-किडीपासून जपायला झाडावरच कागदी पिशवी बांधतात, आणि होणाऱ्या जावयाला बोलावतात ते त्याच कामाला. हे सगळ्या गावाला ठाऊक. ठाऊक नव्हतं ते सोलच्या या दीडशहाण्याला.

मी पोचलो तो लालबुंद, गालांची सालपटं निघालेली, डोक्यावर बायकी रुंद टोपी. मिरानचे वडील, म्हणजे काका, शिडीवर होते. त्यांनी पिशव्यांचा गठ्ठा पुढे केला.

"काका, मला उन्हात जायचं नाहीये. डॉक्टरांनी सांगितलंय."

काकांनी निरखून पाहिलं. "मिरान, हा कोण गं?"

"असं काय करता बाबा? ग्युहो आहे."

"तुझी आजी गेली तेव्हा कुणी न सांगता पाहुण्यांची ताटं उचलत होता, तो?"

"तोच."

"त्याच्या गालांवर खड्डे होते. मी तेव्हाच तुझ्या आईला म्हटलं होतं, हा खड्डेवाला पोरगा हातचा जाऊ देऊ नका." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हे काय करून घेतलंस रे?"

"तुम्हाला आवडावं म्हणून."

"यालाही एक पिशवी बांधा आणि बसवा सावलीत."

बागेत कामाला आलेल्या बायका खो खो हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या त्या गालांनी होकार कधीच मिळवला होता, आणि मी हौसेनं तेच जाळून आलो होतो. गठ्ठा उचलला आणि शिडी चढलो. घाम गालांवरून ओघळला तसे डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण उतरलो नाही.

संध्याकाळी काकांनी तांदळाच्या दारूचा पहिला वाडगा माझ्या हातात दिला.

"आता काळे डाग राहतील बरं का."

"राहू देत."

"मग लग्नाच्या दिवशी ते पावडरीखाली लपवायचे नाहीत," काका म्हणाले.