अदलाबदलीची ओळ

वैजयंतीने वडिलांचा अडकित्ता जावास्क्रिप्टमध्ये उतरवला आणि तो स्वयंपाकघरातल्या फळीवरून नाहीसा झाला. लॅपटॉपवर, ब्राउझरच्या खिडकीत, तो टेबलावर पडला होता. पात्याला सुपारीची भुकटी चिकटलेली होती, तीही आली होती. तिने यादीत खूण केली आणि चष्म्याचं घर घेतलं.

बाबांना जाऊन तेवीस दिवस झाले होते. नोकरीत आणि निवृत्तीनंतरही ते स्मॉलटॉक या जुन्या संगणकभाषेतच प्रोग्रॅम लिहीत. अमरावतीच्या या घरातली एकूण एक वस्तू त्यांनी तिथे मांडली होती. वस्तू एकमेकींना निरोप धाडत आणि घर चाले. दुपारी आडवं होण्याआधी सगळं सेव्ह करायचं, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम. सेव्ह केलेलं घर जिथे थांबलं तिथूनच पुन्हा उठतं. शेवटच्या दुपारी त्यांनी ते स्वतःसकट सेव्ह केलं होतं, आणि जुन्या कॉम्प्युटरच्या करड्या खिडकीत ते अजून संत्रं सोलत बसले होते.

त्या कॉम्प्युटरची डिस्क आता टकटक करू लागली होती. रविवार काही ती बघत नाही, असं दुरुस्तीवाला सांगून गेला होता. ब्राउझर कुठल्याही मशीनवर उघडतो, म्हणून वैजयंती घर त्याच्या भाषेत, जावास्क्रिप्टमध्ये, हलवत होती.

"विळी नेलीस का गं?" आईने विचारलं.

"सकाळीच."

"मग हा मुळा काय दातांनी चिरू?"

शुक्रवारपर्यंत पलंग, घड्याळ आणि दारांच्या कड्या गेल्या. आरामखुर्ची गेली तेव्हापासून करड्या खिडकीत बाबा जमिनीवर बसू लागले. शनिवारी आई पोळपाट काखेत धरून तिच्यामागे येऊन उभी राहिली.

"मलाही ने. इथे बोललं की घुमतं."

आईला कोडच्या एकोणचाळीस ओळी लागल्या. पलीकडे पोचल्या पोचल्या तिने आरामखुर्ची झटकली. "आता ह्यांना आण," ती म्हणाली.

बाबांच्या ओळी उतरवताना वैजयंती शेवटच्या ओळीपाशी अडली. ती अदलाबदलीची होती. दोघांनी एकमेकांची जागा घ्यायची. एकाला जे जे कोणी ओळखत होतं, ते तिथून पुढे दुसऱ्याला ओळखणार. स्मॉलटॉकमध्ये त्याला एक शब्द पुरे होता. जावास्क्रिप्टमध्ये तशी सोयच नव्हती. ओळीत पहिलं नाव बाबांचं होतं. दुसरी जागा मोकळी होती.

"बाबा, दुसरं नाव कोणाचं?" तिने करड्या खिडकीकडे बघून विचारलं.

"जो चालवेल त्याचं."

"आणि ही ओळ सोडली तर?"

"सोडून बघ."

तिने सोडली. बाबा आरामखुर्चीत उतरले आणि हलले नाहीत. संत्र्याची साल अर्ध्यावर लोंबत राहिली. आईने त्यांच्या डोळ्यांसमोरून दोनदा हात फिरवला.

"असे नकोत मला," ती म्हणाली.

मागे डिस्कची टकटक थांबली. करडी खिडकी काळी झाली.

मग वैजयंतीने ते काम हातानेच केलं. मोकळ्या जागी स्वतःचं नाव घातलं आणि प्रत्येक वस्तूला वेगवेगळं सांगितलं: तू ज्यांना ओळखतेस ते आता बाबा नाहीत, मी आहे. चष्म्याने ऐकलं. चपलांनी ऐकलं. घड्याळाने दोनदा सांगायला लावलं. दुपार होईतो फक्त आई राहिली, आणि तिने आईलाही सांगितलं.

आई तिच्याकडे वळली.

"अहो," ती म्हणाली, "किती वेळ सोलताय ते संत्रं?"

वैजयंतीने खाली पाहिलं. साल अखंड निघाली होती, अर्ध्यापर्यंत. बोटं पिवळी झाली होती. काचेपलीकडे, रिकाम्या घरात, बाबा लॅपटॉपसमोर जमिनीवर बसले होते. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. घड्याळ होतं तिथे खिळा होता. मग त्यांनी जांभई दिली, आणि आडवं होण्याआधी, रोजच्यासारखा, कीबोर्डकडे हात पुढे केला.