पडद्यामागचा फासा

मी पुठ्ठ्याचा पडदा बोलतोय. नाटकातला मखमली वगैरे समजू नका. तीन घड्यांचा, टेबलावर जेमतेम वीतभर उभा राहणारा, मधली घडी चिकटपट्टीवर तग धरून आहे.

माझा जन्म अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या एका कागद गिरणीतला. आर्विड लुंडे तिथे कटाईच्या यंत्रावर होता. १९७८ च्या हिवाळ्यात त्याने वाया गेलेल्या पुठ्ठ्यातून मला कापलं, घरी तळघरातल्या टेबलावर उभं केलं आणि माझ्यामागे भुयारांचा नकाशा मांडला. दर रविवारी दुपारी गिरणीतले तीन-चार जण जमायचे. आर्विड सूत्रधार. बाकीच्यांनी एकेक वीर कागदावर लिहून घ्यायचा आणि तोंडाने सांगत सांगत त्या भुयारात उतरायचं. वार लागला की हुकला, ते वीस बाजूंचा फासा ठरवणार; आकडा मोठा तर लागला, लहान तर हुकला.

आता एक नीट ऐका. मी नकाशा लपवायला होतो, फासे नाही. फासे आर्विड माझ्यापुढे टाकायचा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. "नकाशा माझा, फासा सगळ्यांचा," म्हणायचा.

वीर पटापट मरायचे. मेला की त्याचं पान तुळईतल्या लांब खिळ्यात. "गेला खिळ्यावर," म्हणत गिरणीतला ग्लेन दुसरा सॉसेज उचलायचा आणि तीन मिनिटांत नवा वीर लिहायचा. त्याला नावही द्यायचा नाही. "आधी जगून दाखव म्हणावं, मग बारसं करू." शहाणे झाले ते जपून चालायला शिकले. लांब बांबूने फरशी ठोकायची, पोकळ वाजली तर वाट बदलायची. मला तो खेळ मनापासून आवडायचा.

मग आर्विडची मुलगी नोरीन टेबलाशी आली. वय बारा. तिच्या वीराला पहिल्या दिवसापासून नाव होतं, टिली. टिलीला आजी होती, कुत्रा होता, लाल मोजे होते. तिसऱ्या रविवारी फासा वाईट पडला.

"बाबा, एकदा परत टाक ना."

"पडला तो पडला, पोरी."

त्याने पान स्वतःच्या हाताने खिळ्यात खुपसलं. ती जिना चढून वर गेली आणि रात्री जेवायलाही आली नाही. तो खालीच बसून नकाशा रंगवत राहिला. माझ्या मते तो बरोबर होता. तरी त्या जिन्यावरची पावलं माझ्या कानांतून गेली नाहीत.

पुढे नोरीन मोठी झाली, दुसऱ्या शहरात स्वतः सूत्रधार झाली. आर्विडची फुप्फुसं गेली तेव्हा परत आली. "तू चालव, मला बोलताना दम लागतो," तो म्हणाला. त्याच्या खुर्चीत ती बसली आणि तो नाकात प्राणवायूची नळी घालून समोर. त्याचा वीर ओडो, भुरटा चोर.

नोरीनची रीत नवी. प्रत्येक वीराची चार पानं पूर्वकथा, आणि खेळणाऱ्याला विचारल्याशिवाय कोणी मरायचं नाही. फासे ती माझ्यामागे टाकायची.

"हा खेळ आहे की लाड?" आर्विड कुरकुरायचा.

"गोष्ट आहे, बाबा. तुझ्या वेळी नुसती कत्तल होती."

खोटं कशाला बोलू, त्या गोष्टींत जीव होता. जन्मात वीराला नाव न देणारा ग्लेन एकदा आपल्या वीराच्या मेलेल्या भावाबद्दल अर्धा तास बोलला. त्याचा स्वतःचा भाऊ तळ्यातला बर्फ फुटून गेला होता. चाळीस वर्षांत त्याने तो विषय काढला नव्हता.

पण माझ्यामागे काय चालायचं ते मलाच माहीत. राक्षसाच्या वाराला अठरा पडले की ती नऊ सांगायची, एकोणीस पडले की सहा. सांगावंसं वाटायचं, पण पुठ्ठ्याला तोंड कुठलं?

फेब्रुवारीत एका शुक्रवारी इस्पितळातून फोन आला. आर्विडला फोनवरचं ऐकू येत नसे, म्हणून तो नोरीनला यायचा. तिने जिन्यात उभं राहून ऐकलं, चिठ्ठीवर काही लिहिलं.

"काय म्हणाले?"

"सूज उतरतेय म्हणाले."

आणि चिठ्ठी तिने चिमट्याने माझ्या पाठीला लावली, नकाशांच्या गर्दीत. तिथे लिहिलं होतं, मार्च, फार तर एप्रिल.

त्या रविवारी ओडो एका पुलावर राक्षसापुढे उभा होता. एक वार बसला की संपला. नोरीनने राक्षसाच्या वाराचा फासा टाकला. वीस. तिने त्यावर तळवा ठेवला.

"सात. हुकला."

"सात वाचायला एवढा वेळ?" आर्विड म्हणाला. तो उठला, नळी ओढत टेबलाच्या कडेने आला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मला आडवं केलं. फासा त्याने पाहिला. मी पालथा पडलो होतो, चिठ्ठी वर आलेली. तीही वाचली.

नोरीन रडायला लागली. "तुला घाबरवायचं नव्हतं रे."

"अगं, पुढे खड्डा आहे हे मला बांबूने ठोकून तरी बघू दे. एवढंच तर शिकवलं होतं या टेबलावर."

त्याने मला परत उभं केलं. मग म्हणाला, "टिलीच्या वेळी माझं चुकलं का?"

"हो."

"फासा खरा होता. पण मी जिना चढून वर यायला हवं होतं."

ओडोचं पान घेऊन तो खिळ्यापाशी गेला. हात पोचेना. नोरीनने लावून दिलं, टिलीच्या पानावर.

त्याला पाच आठवडे मिळाले. त्यांत त्याने आपली मासेमारीची होडी ग्लेनला दिली आणि एका रविवारी नोरीनला टिलीची सगळी गोष्ट, आजी-कुत्र्यासकट, पुन्हा सांगायला लावली. गेला तेव्हा जमीन दगडासारखी गोठलेली होती, पुरायला एप्रिल उजाडला.

टेबल अजून मांडतात. पूर्वकथा चार पानीच, पण फासे आता माझ्यापुढे पडतात. गेल्या रविवारी ग्लेनचा वीर खिळ्यावर गेला. नोरीनने पान लावलं, मग खुर्ची ओढून त्याच्या शेजारी जाऊन बसली.

माझी मधली घडी आता फार दिवस टिकायची नाही. चिठ्ठी पाठीला तशीच आहे, कोणी काढली नाही. बायांनो, बाबांनो, नकाशे खुशाल माझ्यामागे लपवा. पण ज्याला पुढे चालायचंय त्याचा फासा माझ्याआड टाकू नका.