चौथा पिस्टन

भंगारवाला सकाळी साडेआठला दारात आला, तेव्हा दातांची डॉक्टर दवाखान्याला निघाली होती. एका हातात डबा, दुसऱ्या हातात छत्री. नवरा सर्वेक्षणाच्या कामावर सहा महिन्यांसाठी लांब गेला होता. जाण्याआधी त्याने बजावलं होतं, की गाडी न्यायला माणूस येईल, त्याला किल्ली दे, कागदावर सही कर आणि विषय संपव.

"हिला नक्की झालंय काय?" तिने विचारलं.

"इंजिन गेलंय, मॅडम."

"गेलंय म्हणजे?"

"म्हणजे गेलं. साहेबच म्हणाले."

"उघडून बघितलं का कुणी?"

मयताचा ताप मोजायला सांगावं तसं भंगारवाल्याने तिच्याकडे पाहिलं. पण वीस वर्षांत डॉक्टरने फोटो न काढता एकही दात उपटला नव्हता. गाडीच्या बाबतीत एकदम वेगळं वागायचं तिच्या जिवावर आलं. "पुढच्या महिन्यात या," ती म्हणाली आणि किल्ली पर्समध्ये टाकून चालू लागली.

गाडी निळी, बसकी, दोन दारांची होती. नवऱ्याने दोन वर्षांपूर्वी ती जुनी म्हणून घेतली, पण दर रविवारी अंघोळ मात्र नव्या नवरीसारखी घालायचा. वरच्या मजल्यावर राहणारी त्याची मोठी बहीण डॉक्टरपाशी गाडीला "तुझी सवत" म्हणायची. ही ताई कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशिनं दुरुस्त करायची. दोनशे मशिनं, आणि प्रत्येकाचं दुखणं तिला पाठ. दहा वर्षं एका घरात राहूनही दोघी नणंद-भावजयींचं बोलणं पाण्याची टाकी, विजेचं बिल आणि जिन्यातला दिवा यांच्यापुढे फारसं सरकलं नव्हतं. भांडण नव्हतं. दोघींनाही वाटायचं, समोरचीला आपल्यात काही रस नाही.

त्या संध्याकाळी डॉक्टर वर गेली. "ताई, तुम्हाला इंजिन उघडता येईल का?"

ताईने चष्मा कपाळावर सरकवला. "मला येतं ते मशीन टेबलावर मावतं."

"म्हणजे नाही येणार?"

"असं कुठे म्हटलं मी? टेबल मोठं लागेल म्हटलं."

पुढच्या रविवारी दोघींनी बॉनेट उघडलं. कंपनीचं दुरुस्तीचं पुस्तक ताईने कुठूनतरी पैदा केलं होतं. इंजिनच्या वर एक पत्र्याच्या डब्याएवढं ॲल्युमिनियमचं धूड बसवलेलं होतं आणि त्याला फिरवणारा एक पट्टा होता.

"हा सुपरचार्जर," ताई म्हणाली. "साधं इंजिन आपलं आपण श्वास घेतं. हा त्याच्या नाकात हवा कोंबतो. हवा जास्त, त्या हिशेबाने पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त."

"आणि पेट्रोल त्या हिशेबाने नाही मिळालं तर?"

"तर आत आग भडकते. पण पुस्तकात म्हटलंय, कंपनी त्याची सोय करूनच देते."

पट्टा तेलाने माखून चिरा पडलेला होता. ताईने तो कात्रीने कापून कचऱ्यात टाकला. धूड उचलून खाली ठेवलं. आत दोन पिळदार लोखंडी दांडे एकमेकांत गुंतून फिरत होते, पण एकमेकांना शिवत नव्हते. डॉक्टर हाताने त्यांना फिरवत बसली. एवढं जवळून जायचं आणि तरी घासायचं नाही, हे कसं जमवलं असेल कुणी? ताईने तीनदा हाक मारली तेव्हा ती उठली.

प्रत्येक बोल्ट दवाखान्यातल्या छोट्या पाकिटात जात होता. पाकिटावर डॉक्टरचं अक्षर: 'वरची ओळ, डावीकडून तिसरा'. अंड्यांच्या ट्रेमध्ये ठिणगी पाडणारे प्लग उभे राहिले. जेवणाच्या टेबलावर सांध्यांमधली गॅस्केटं पसरल्यामुळे दोघी जिन्याच्या पायरीवर बसून जेवू लागल्या. दहा वर्षांत जमलं नव्हतं ते त्या पायरीवर होऊ लागलं. ताईला लहानपणी घड्याळं उघडायचा नाद होता आणि त्यापायी तिने भरपूर मार खाल्ला होता. डॉक्टरला खरं तर डॉक्टर व्हायचंच नव्हतं, तिला नकाशे काढायचे होते. नकाशे काढणारा नवरा तेवढा मिळाला.

तिसऱ्या आठवड्यात इंजिनचं डोकं, म्हणजे वरचा जड भाग, निघालं. खाली चार सिलिंडर, चार पिस्टन. चौथ्याच्या कडेचा नखाएवढा तुकडा उडालेला होता आणि त्याने सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे काढले होते.

"सापडला चोर!" ताईने टाळी वाजवली. "हा एक बदलला की झालं."

डॉक्टरने दवाखान्यातला दात बघायचा आरसा आणि विजेरी आणली आणि एकेका पिस्टनवर वाकून बघत राहिली. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

"काय लिहिलंय का त्याच्यावर?" ताई वैतागली.

"ताई, हे बघा. पहिल्यावर. काळे बारीक ठिपके, खड्डे पडल्यासारखे. दुसऱ्यावर पण आहेत. तिसऱ्यावर जरा जास्त."

"मग?"

"माणूस येतो तेव्हा त्याचा एकच दात दुखत असतो. पण तोंड उघडलं की कीड सगळीकडे असते. दुखतोय हा एकच, ताई. कीड चौघांना आहे."

ताईने आरसा तिच्या हातातून घेतला आणि स्वतः पाहिलं. मग पुस्तक उघडून बराच वेळ वाचलं. आत पेट्रोल नको त्या वेळी, नको तेवढं भडकलं की असे ठिपके पडतात, असं त्यात होतं. म्हणजे चौघांनाही एकच त्रास होता. शेवटच्या पिस्टनला थंडावा सगळ्यात कमी, म्हणून तो आधी बळी गेला.

"पण भडकलं का?" डॉक्टर म्हणाली.

पुढचा महिना त्या एका प्रश्नाने खाल्ला. पेट्रोल फवारणाऱ्या चार तोट्या तपासून आणल्या. चारही ठणठणीत निघाल्या. पेट्रोलचा पंप बरोबर दाब देत होता. दाबलेली हवा थंड करणारी जाळी धुऊन बघितली, तीही स्वच्छ. ताई कारखान्यात मशिनखाली वाकलेली असतानाही तिच्या डोक्यात तेच चालू असायचं. डॉक्टर रोग्याच्या तोंडात कापूस ठेवून त्याच्याकडे टक लावून बसायची आणि रोगी घाबरायचा.

"कारण सापडलं नाही तर जोडायचं कशाला?" एकदा ताई म्हणाली. "पुन्हा फुटेल."

"जोडताना सापडेल."

"हे कोणत्या पुस्तकात लिहिलंय?"

"कुठेच नाही. पण कवळी बसवताना कळतं, जबडा कुठे वाकडा आहे ते."

भाड्याच्या कप्पीने इंजिन बाहेर काढलं. इंजिनांचं बोअरिंग करणाऱ्या एका काकांकडे सिलिंडर घासून सारखे करून घेतले. काका आधी डॉक्टरकडे बघण्याऐवजी तिच्या मागे कुणी पुरुष उभा आहे का ते बघत होते. मग डॉक्टरने मिलिमीटरच्या शंभराव्या भागात माप विचारलं, तेव्हा त्यांनी स्वतः स्टूल पुसून दिलं. नवे पिस्टन टपालाने आले. पिस्टनभोवती बसणाऱ्या रिंगांच्या टोकांमध्ये फट किती ठेवायची यावर दोघींची एक पूर्ण दुपार गेली. गरम झाल्यावर रिंग फुगते, फट कमी पडली तर टोकं एकमेकांवर आपटतात. डॉक्टरने कानस हातात घेतली आणि ताई बघत राहिली. एक घास, मोजणी, पुन्हा अर्धा घास.

"हात चांगला आहे गं तुझा," ताई म्हणाली. दहा वर्षांतलं ते पहिलं कौतुक. डॉक्टरने मान वर केली नाही, पण पुढची रिंग तिने दुप्पट वेळ लावून घासली.

बेअरिंगमधली जागा मोजायला मेणासारखा एक बारीक धागा आत ठेवून बोल्ट आवळायचे होते. धागा किती चपटा झाला त्यावरून जागा कळते. डॉक्टरला हसूच फुटलं. चावा बरोबर बसतो का ते बघायला ती रोज रोग्यांना रंगीत कागद चावायला देत होती.

इंजिन पुन्हा गाडीत बसलं. सुपरचार्जर वर चढला. शेवटी ताईने पुस्तकातला नंबर देऊन मागवलेला नवा पट्टा काढला आणि पुल्यांवर चढवला.

पट्टा सैल लोंबत होता.

"चुकीचा पाठवला मेल्यांनी," ताई म्हणाली. तिने नंबर ताडून पाहिला. बरोबर होता. ताण देणारी पुली पार खुणेच्या पलीकडे गेली, तरी पट्टा सैलच.

"सगळ्या पुल्या मोजू या," डॉक्टर म्हणाली.

खालची बरोबर निघाली. पाण्याच्या पंपाची बरोबर. सुपरचार्जरच्या पुलीला ताईने माप घ्यायचा व्हर्निअर लावला, वाचला, पुसला, पुन्हा लावला.

"पुस्तकात किती आहे?"

"चौऱ्याहत्तर मिलिमीटर."

"ही बासष्ट आहे."

ताई खाली फरशीवरच बसली. "पुली लहान केली की तो जास्त वेगाने फिरणार. जवळजवळ एक पंचमांश जास्त हवा. आणि पेट्रोल आपलं पूर्वीइतकंच."

"कुणीतरी मुद्दाम बदललीय."

"कुणीतरी!" ताई म्हणाली. "दोन वर्षांत या गाडीला हात लावायची परवानगी होती कुणाला?"

डॉक्टरने नवऱ्याला फोन लावला. तो साइटवर होता, मागे वारा घोंगावत होता.

"छोटी पुली कधी बसवलीस?"

"तुला कुणी सांगितलं?"

"पट्ट्याने."

मग त्याने सगळं सांगितलं. गेल्या वर्षी ऑफिसातल्या एकाची गाडी चढावर त्याच्या पुढे निघून गेली होती. त्यानंतर एका गॅरेजवाल्याकडून त्याने पुली बदलून घेतली. गॅरेजवाला म्हणाला होता, की पेट्रोलची सेटिंगही बदलावी लागेल, दोन दिवस गाडी ठेवा. याला दोन दिवस दम निघाला नाही. मग त्याच चढावर पाय पूर्ण दाबला आणि आतून कुणी हातोडा मारावा तसा आवाज आला.

"म्हणून न उघडता भंगारात देत होतास?"

"उघडली असती तर कळलं असतं. तू विचारलं असतंस, का केलंस म्हणून."

रागवायचं डॉक्टरने ठरवलं होतं, पण तिच्या तोंडून निघालं ते वेगळंच. "ते नाही विचारत. मोडायच्या आधी कशी पळायची, ते सांग."

पलीकडून हसू आलं, जरा चाचरत. "काय सांगू! पाय दाबला की रस्ता आपल्याकडे ओढून घेतल्यासारखा..."

ताईने फोन हिसकावला. "छोटू!" चौकटीला डोकं आपटेल एवढ्या उंच भावाला ती अजून छोटूच म्हणायची. "गाढवा, एक महिना आम्ही तोट्या तपासत बसलो! तोंड उघडायला काय झालं होतं?" आणि पुढची दहा मिनिटं तिने लहानपणापासूनचा सगळा हिशेब चुकता केला.

मूळ मापाची पुली आली आणि नवा पट्टा घट्ट बसला. शनिवारी दुपारी त्यांनी इंजिन सुरू केलं. आधी प्लग काढून नुसतं फिरवलं, डॅशबोर्डवरचा तेलाच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावले. ताईने डॉक्टरला आत बसायची खूण केली आणि स्वतः इंजिनपाशी वाकून उभी राहिली.

पहिल्यांदा नुसतं खोकलं. दुसऱ्यांदा पकडलं. चारही सिलिंडर एका लयीत, आणि त्यावर सुपरचार्जरची बारीक शीळ. डॉक्टरने काच खाली केली. ताईचे ओठ हलत होते. ती ठोके मोजत होती.

"कसं आहे?"

"गप्प बस, ऐकू दे." मग बऱ्याच वेळाने तिने मान वर केली, तेव्हा तिच्या नाकावर तेल होतं आणि डोळे ओले होते. "धुराने," ती म्हणाली. धूर अजिबात नव्हता.

पहिले हजार किलोमीटर नवं इंजिन हळू चालवायचं असतं. दर रविवारी दोघी बाहेर पडायच्या. सायकलीसुद्धा त्यांना मागे टाकून जायच्या, आणि दोघींचं तिकडे लक्षच नसायचं. इंजिनवर बोलता बोलता त्या भलत्याच विषयावर पोचायच्या.

पाचव्या महिन्यात नवरा सुट्टीवर आला. बॅग दारातच ठेवून तो गाडीपाशी गेला आणि बॉनेट उघडून नुसता उभा राहिला. हात लावला नाही. डॉक्टर त्याच्या शेजारी येऊन थांबली.

"हा पट्टा नक्की काय काय फिरवतो?" त्याने विचारलं. दोन वर्षं ही गाडी त्याची होती.

तिने बोट ठेवून दाखवायला सुरुवात केली. पाण्याचा पंप, वीज बनवणारं यंत्र, वरचा सुपरचार्जर. तो एकेक ऐकत होता आणि प्रत्येकावर पुन्हा काहीतरी विचारत होता. जिन्यातून ताईने हाक मारली, चहा निवतोय म्हणून. दोघांनीही ती ऐकली नाही, तेव्हा तीच तीन कप घेऊन खाली आली. कप ठेवायला जागा नव्हती, म्हणून तिने ते गाडीच्या टपावर ठेवले आणि म्हणाली, "पंपाचं हिला नीट सांगता येत नाही. सरक, मी सांगते."